राजाध्यक्षांची गळती

“जेवायला काय आहे रे आज?” राजाध्यक्ष सरांनी रेडिओवर विचारलं.

त्या वेळी मी कच्छच्या रणावरून सेकंदाला सातशे फूट या वेगाने चाललो होतो, आणि माझ्या आयुष्यात तितकी निवांत सकाळ त्याआधी आली नव्हती. प्रश्न मराठीत होता. रेडिओवर मराठी बोलायची परवानगी नव्हती. पण एवढ्या खालून आमचा आवाज हवाई तळापर्यंत पोचत नसे, आणि रणात ऐकायला होतं कोण, तर रानगाढवं.

“दुधी, सर.”

“पुन्हा?”

“पुन्हा, सर.”

“बरं.” थोडा वेळ नुसती खरखर. “एक काम कर. माझ्या पोटाखाली तेल गळतंय असं वाटतं. घाई नाही. नाक हळूच उचल, अगदी हळू, आणि माझ्याखाली येऊन बघ.”

मी मान वळवून पाहिलं. त्यांचं विमान माझ्या उजवीकडे अर्ध्या मैलावर होतं, आणि नेहमीप्रमाणे माझ्यापेक्षा बरंच वर. मी सावकाश वर गेलो, त्यांच्या खाली सरकलो आणि पाहिलं. पोट कोरडं ठणठणीत, नुकत्याच घासलेल्या पातेल्यासारखं.

“काही नाही, सर. कोरडं आहे.”

“नक्की?”

“नक्की, सर.”

“मग ठीक. तिथंच राहा. आता घरी जाऊ.”

एवढंच झालं. चौऱ्याहत्तर सालचा मार्च, शनिवार, सकाळचे साडेदहा.

आम्ही हंटर विमानं उडवत होतो आणि आमचं काम होतं शत्रूच्या रडारखालून जाणं. त्यासाठी उंची ठरलेली होती, शंभर फूट. शंभर फूट म्हणजे एक उंच माड आणि त्याच्यावर गच्चीसकट एक घर. विमानात उंची सांगणारं यंत्र होतं, पण ते हवेच्या दाबावर चाले, आणि इतक्या खाली त्याचं बोलणं घरातल्या थोरल्या काकांच्या बोलण्यासारखं असे: ऐकायचं, पण विसंबायचं नाही. खरी उंची मोजायची ती डोळ्यांनी. झाड दिसतंय, ठीक. फांद्या वेगळ्या दिसतायत, ठीक. पानं मोजता यायला लागली की वर घ्यायचं.

आम्ही पोरं मात्र पानं मोजायचो. चोविसाव्या वर्षी शंभर फूट ही उंची वयस्कांसाठी आहे असं आमचं प्रामाणिक मत होतं. आणि आमच्यातले वयस्क म्हणजे फ्लाइट कमांडर राजाध्यक्ष. वय एक्केचाळीस, अंगाने सडपातळ, बोलणं कमी. ते शंभर म्हणजे शंभरावर उडत, आणि मी त्यांचा जोडीदार असल्यामुळे ते मला कायम वरच दिसत. हळूहळू मेसमध्ये बोललं जाऊ लागलं की म्हाताऱ्याचं काळीज पातळ झालंय. ही कुजबुज पहिल्यांदा कुणी केली ते मला आठवत नाही असं मी बरीच वर्षं सांगत आलो. मी केली.

कुजबुज एरवी विरली असती, पण एप्रिलमध्ये मोठा सराव होता. चार विमानं दीड तास रडारखालून जाणार, आणि त्यांचं नेतृत्व कोण करणार हे आमचे कमांडिंग ऑफिसर पूवय्यासाहेब त्या आठवड्यात ठरवणार होते. राजाध्यक्षांनी केलं तर ते आणखी दोन वर्षं उडणार. नाहीतर दिल्लीतली एक खुर्ची त्यांची वाट पाहत होती. तिच्यावर बसलेला माणूस पुन्हा लढाऊ विमानात बसत नसे. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांना तर होतंच.

आता दुधीच्या आधीचं सांगतो.

मार्चमध्ये रण वाळतं आणि त्याच्यावर मिठाची साय धरते. जमीन पांढरी, आकाश पांढरं, आणि दोघांमध्ये जी रेघ असायला हवी ती कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून टाकलेली. झाड नाही, झोपडी नाही, मोजायला एक पान नाही. त्या दिवशी थोड्या वेळाने मला वेग कळेनासा झाला. विमान उभं आहे आणि खालून कुणी दूध ओततंय, संथ, न संपणारं, असं वाटू लागलं. इंजिनाचा आवाज मागे कुठेतरी, शेजारच्या घरात पहाटे कुणी जात्यावर दळत असावं तसा. माझे हात माझ्या मांडीवर होते की दांड्यावर, हेही मी शपथेवर सांगू शकत नाही. एक उंट आकाशात चालत गेला. त्याचे पाय कशालाच टेकत नव्हते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे एक तळं आलं. मी जवळ जाताच ते उठलं आणि जरा लांब जाऊन बसलं. मी त्याच्या मागे गेलो. ते पुन्हा उठलं. आमचं चांगलं जमलं होतं.

मग ती दिसली. मिठागराच्या पाळीवरून एक बाई चालत येत होती. लाल ओढणी, डोक्यावर घागर, नाकात चमकी. एवढं सगळं एका क्षणात कसं दिसलं विचारू नका, दिसलं खरं. ती माझ्याकडे पाहत होती. तसबिरीतलं माणूस भिंतीवरून आपल्याकडे पाहतं तसं, शांत, डोळ्यांत डोळे घालून. मला वाटलं, हिला आपण ओळखतो, काहीतरी बोलावं. ती डावीकडून निघून गेली, आणि तेवढ्यात दुधीचा विषय निघाला.

जेवायला खरोखरच दुधी होता. मी मेसमध्ये दोन्ही गोष्टी सांगितल्या. बाईच्या गोष्टीत कुणाला रस वाटला नाही. तेलाच्या गोष्टीला मात्र टेबल हादरलं.

“म्हणजे गळती नव्हतीच?” कुणीतरी विचारलं.

“गळती आहे,” मी म्हटलं. “पोटातून नाही, गुडघ्यांतून.”

राजाध्यक्ष सर दोन खुर्च्या सोडून बसले होते. त्यांनी घास खाल्ला आणि म्हणाले, “मीठ कमी आहे आज.” मग वाटी पुढे केली.

रविवारी ते सकाळीच स्कूटरवर गावात गेले. आमच्यातल्या एकाने त्यांना बाजारात पाहिलं. मागच्या सीटवर नवी कोरी पितळी घागर दोरीने बांधून ते रणाच्या रस्त्याला लागले होते. एकटा राहणारा माणूस रविवारी घागर घेऊन कुठे जातो, यावर दुपारभर चर्चा झाली. सोमवारी सकाळी मी ब्रीफिंगच्या फळ्यावर एक चित्र काढलं: हंटर विमान, पोटातून ठिबकणारं तेल, आणि खाली धरलेली घागर. खाली नाव घातलं नव्हतं. गरज नव्हती.

सर आत आले, फळ्यासमोर उभे राहिले. सगळे बुटांकडे पाहायला लागले. त्यांनी खडू उचलला.

“शेपूट चुकलंय,” ते म्हणाले. बोटाने पुसून त्यांनी शेपूट नीट काढलं. “मागचे पंख जरा वर असतात. उडवतोस ना रोज?” मग चित्र तसंच ठेवून बाजूच्या जागेत हवामान लिहायला लागले.

दुपारी पूवय्यासाहेबांनी मला बोलावलं. ते कुर्गचे, अंगाने आडवे, आवाज खर्जातला. ते इंग्रजीत बोलले. मी मराठीत देतोय, त्यामुळे होते त्यापेक्षा मऊ वाटतील.

“परत यायचं कारण म्हणून राजाध्यक्षने नोंदवहीत गळती लिहिली आहे. तू खालून पाहिलंस. होती?”

“नव्हती, सर.”

“तो तुझ्यापेक्षा किती वर होता?”

“ऐंशी-नव्वद फूट, सर.”

“आणि तू?”

“शंभरावर, सर.”

“म्हणजे तो दोनशेच्या आसपास.” त्यांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. “नसलेली गळती लिहितो आणि दोनशेवर उडतो. आधीही असाच वर असायचा?”

“थोडे वर असतात, सर.”

“ठीक. पाच वाजता मी दिल्लीला कळवतो. जा.”

शनिवारी रणात मोजायला पानं नव्हती, आणि मी शंभरावरच आहे असं मला खरोखर वाटलं होतं; त्या खोलीत मी एकही वाक्य जाणूनबुजून खोटं बोललो नाही. पुढच्या आयुष्यात खोटं बोलूनही मी कुणाचं इतकं नुकसान केलेलं नाही.

बाहेर आलो तेव्हा तीन वाजले होते आणि मला जरा मोठं झाल्यासारखं वाटत होतं. हँगरमध्ये सार्जंट खोपडे राजाध्यक्षांच्या विमानाखाली उताणा पडला होता. खोपडे खटावकडचा, विमानाच्या सांगाड्याचं सगळं काम त्याच्याकडे. त्याने पोटाची झाकणं काढून ओळीने जमिनीवर मांडली होती.

“या टिपनीस सायेब,” तो खालूनच म्हणाला. “शनवारपास्नं पोट उघडून बसलोय. टिपूस न्हाई. गळती कुटं हाय, तुमी तरी सांगा.”

“सरांच्या मनात आहे, खोपडे.”

“हसू नगा. चौदा वरसं बगतोय त्या मानसाला. उगा पेन उचलत न्हाई त्यो. लिवलंय म्हंजी कायतरी असनार.”

मी एका चाकावर टेकलो. त्याला चिडवायला म्हणून बसलो होतो, पण मला श्रोता हवा होता. बाईबद्दल मला अजून कुणी विचारलं नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं, उंट, तळं, ओढणी, चमकी. खोपडे हातातला पाना पुसत ऐकत होता.

“डोस्क्यावर घागर व्हती?”

“होती.”

“भरल्याली?”

“असावी. ताठ चालत होती.”

“आन् बगत व्हती तुमच्याकडं.”

“सरळ. डोळ्यांत डोळे घालून.”

खोपडे विमानाखालून बाहेर आला. “सायेब, माझी माय दोन कोसावरनं पानी आनायची. डोस्क्यावर भरली घागर असली म्हंजी मान वर व्हत न्हाई. वरनं इमान जाऊ द्या न्हाईतर देव जाऊ द्या. म्होरं असंल तेवडंच दिसतं.”

“बरं मग?”

“मग काय न्हाई.” त्याने पाना खिशात ठेवला. “तुमी व्हता कुटं?”

मी शंभर म्हणणार होतो. हँगरच्या दारातून ऊन आत येत होतं, त्यात धूळ तरंगत होती. उंटाचे पाय टेकत नव्हते हे मला आठवलं. पण उंटाचं तोंड समोर होतं, खाली नव्हतं, हेही आठवलं.

खोपडेने पहिलं झाकण उचललं, पोटाला लावलं आणि स्क्रू पिळायला घेतला.

“गळती गावली म्हनायची,” तो म्हणाला.

राजाध्यक्ष सर वैमानिकांच्या खोलीत एकटेच होते. टेबलावर रणाचा नकाशा पसरला होता आणि ते सरावाचा मार्ग पेन्सिलीने आखत होते, जणू तो मार्ग तेच उडणार होते. मला पाहून त्यांनी थर्मासमधून दुसऱ्या कपात चहा ओतला.

“सर, मी किती उंचीवर होतो?”

“कधी?”

“शनिवारी. दुधीच्या आधी.”

त्यांनी पेन्सिल ठेवली. “खोपडे का?”

“हो, सर.”

“तरी म्हटलं, त्याला तीन दिवस कसे लागले.”

“तुम्ही सांगितलं का नाही? ‘वर घे’, एवढंच तर म्हणायचं होतं.”

ते खिडकीबाहेर पाहत बोलले. “वेंगुर्ल्याला माझ्या मामाची विहीर होती. गडी उन्हाळ्यात तिच्या कठड्यावर झोपायचा. गार लागायचं त्याला. एकदा मामीने पाहिलं आणि घाबरून जोरात हाक मारली. तो दचकून उठला. दुसऱ्या कुशीवर उठला असता तर काही झालं नसतं.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “तुझा हात दोन बोटं दचकला असता, टिपणीस, तर पुरे होतं. तू जागा नव्हतास.”

“म्हणून दुधी?”

“दुधीने कुणी दचकत नाही.”

मी कप धरून उभा होतो. मग मला दुसरं सुचलं, जे आधी सुचायला हवं होतं.

“ती बाई, सर?”

“मी वळून पाहिलं. खाली बसली होती. मग उठली. घागर फुटली. मातीची होती. काल सापडली ती, चौथ्या मिठागरावर. पितळेची दिली तर म्हणाली, जड आहे.”

“आणखी काय म्हणाली?”

“म्हणाली, पाणी अडीच कोसांवरून येतं. विमानाबद्दल काही बोलली नाही.”

फळ्यावर माझं चित्र अजून होतं. नीट काढलेल्या शेपटासकट. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

“मी पूवय्यासाहेबांना सांगून आलोय, सर. तुम्ही दोनशेवर होतात म्हणून.”

“माहीत आहे. सकाळी त्यांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, टिपणीसला विचारा, तो खरं बोलतो.”

“मी आता जाऊन—”

“बस खाली.” आवाज चढला नव्हता. शनिवारचाच आवाज होता, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण सारखं करणारा. “जाऊन काय करशील? चौकशी होईल, तुझं हे उडणं संपेल. तू चोवीस वर्षांचा आहेस, हात चांगला आहे, आणि तू आता परत कधी तसं करणार नाहीस. माझी दोन वर्षं राहिली होती. ती दिल्लीत जातील. माझी मुलगी तिथंच शिकते. आठवड्याला पत्र लिहिण्यापेक्षा रोज भांडेन तिच्याशी. हिशेब अगदी वाईट नाही. चहा पी.”

मी चहा प्यायलो. इथं माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको. मी शूर माणूस नाही, आणि विहिरीच्या गड्याची गोष्ट ऐकून माझ्यात एकदम कसलंही तेज संचारलं नाही. मी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायलो आणि ते म्हणतात त्यात तथ्य आहे असा विचार केला. विचार छान जमत होता. वीस वर्षं उडणं, मग एखादं मोठं पद, आणि निवृत्तीनंतर राजाध्यक्षांच्या मोठेपणावर एक हृद्य लेख. लेखाची पहिली दोन वाक्यंसुद्धा तयार झाली. चांगली होती.

सर पुन्हा नकाशावर वाकले होते. पेन्सिल एका डोंगरापाशी थांबली, मागे आली, त्यांनी तेवढी रेघ रबराने पुसली आणि डोंगराला वळसा घालून परत काढली. पाच वाजता दुसऱ्या कुणाचा होणार असलेला मार्ग ते नीट करत होते.

भिंतीवर पाचला वीस मिनिटं कमी होती. मी कप ठेवला आणि बाहेर पडलो. त्यांनी मागून हाक मारली नाही.

पूवय्यासाहेब सही करायच्या बेतात होते. टोपण काढलेलं पेन हातात.

“सर, मी शंभरावर नव्हतो.”

“मग?”

“दहावर, सर. राजाध्यक्ष सर शंभरावर होते.”

पेन कागदाच्या वर थांबलं. “कशावरून म्हणतोस?”

“एका बाईच्या मानेवरून, सर.”

पुढची दहा मिनिटं मी बोललो आणि त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. घागर, मान, विहीर, दुधी. इंग्रजीत दुधीला काय म्हणतात ते मला ऐन वेळी आठवेना. मी ‘एक भाजी’ म्हटलं. त्यांनी मान हलवली. तीन दिवस त्यांनीही तीच खाल्ली होती.

“राजाध्यक्षने पाठवलं तुला?”

“नाही, सर. त्यांनी चहा पाजून थांबवलं.”

“आणि तू तो प्यायलास.”

“हो, सर. पूर्ण.”

मग त्यांनी समोरचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर माझं नाव लिहायला सुरुवात केली. सरकारी कागद वाया घालवणं त्यांना आवडत नसे.

“लडाखला बटाटे नेणारी विमानं आहेत,” लिहिता लिहिता ते म्हणाले. “मोठी, हळू, आणि अठरा हजार फुटांवरून जाणारी. खाली यायची सोयच नाही, खाली डोंगर आहेत. बटाट्यांशी तुझं पटेल. चित्रं काढायलाही वेळ मिळेल.” म्हणजे फळा त्यांनीही पाहिला होता. “लढाऊ विमानात पुन्हा बसायचं नाही. समजलं?”

“समजलं, सर.”

“एप्रिलला राजाध्यक्षच नेईल. आता जा. आणि टिपणीस.”

“सर?”

“ती बाई दिसली म्हणून तू आलास. दिसली नसती तर?”

पन्नास वर्षं झाली, बटाट्यांबरोबर हा प्रश्नही मी वाहिला. मी सलाम करून बाहेर आलो.

बाहेर ऊन उतरत होतं आणि रणाकडून खारट, कोमट वारा येत होता. धावपट्टी त्यात हलकेच हलत होती, पाण्याखाली असावी तशी. राजाध्यक्ष सर पायऱ्यांसमोर स्कूटरवर बसले होते. हेल्मेट नाही, चेहरा रागाने लाल. त्यांना रागावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

“गेलासच शेवटी.”

“हो, सर.”

“काय दिलं?”

“बटाटे, सर.”

त्यांनी किक मारली. स्कूटर लागली नाही. दुसरी मारली, तरी नाही. त्यांनी हँडलवर हात टेकले. मी पायऱ्यांवर उभाच होतो. लांब कुठेतरी एक इंजिन तपासणीसाठी चालू केलं होतं, त्याचा आवाज वाढला, कमी झाला, थांबला.

“उंची किती सांगितलीस?” त्यांनी विचारलं.

“दहा फूट, सर.”

तिसऱ्या किकला स्कूटर लागली.

“सहा होती,” ते म्हणाले, आणि पुढे सरकून त्यांनी मला मागे जागा केली.